आठवा विजय

सुमोच्या स्पर्धेचा शेवटचा दिवस नेहमी रविवारी येतो. त्या दिवशी सगळ्यांचं लक्ष विजेतेपदाकडे असतं. करंडक कोण उचलणार, दोघांचे विजय सारखे झाले तर जादा कुस्ती होणार का, याचीच चर्चा. मी मात्र त्याआधी एक वेगळी यादी काढून बसतो. चौदा दिवसांत सात जिंकलेले आणि सात हरलेले गडी किती उरलेत? करंडकाशी त्यांचा काडीचा संबंध नसतो. दुसऱ्या दिवशी त्यांची नावं वर्तमानपत्रात आलीच तर बारीक टायपातल्या तक्त्यात येतात. पण आज जी एक कुस्ती ते खेळणार, तिच्यावर त्यांचे पुढचे दोन महिने टांगलेले असतात.

हिशेब साधा आहे. वरच्या दोन श्रेणींतला पहिलवान एका स्पर्धेत पंधरा दिवस पंधरा कुस्त्या खेळतो, रोज एक. आठ जिंकल्या की 'काची-कोशी', म्हणजे क्रमवारीत वर. आठ हरल्या की 'माके-कोशी', म्हणजे खाली. पंधरा हा आकडा विषम, त्यामुळे अधांतरी राहायची सोय नाही. चौदा-एक असा पराक्रम गाजवणारे थोडे आणि एक-चौदा अशी धूळधाण होणारेही थोडेच. बाकी सगळी गर्दी आठ-सात आणि सात-आठ यांच्या सीमेवर रेटारेटी करत असते. मी सुमो पाहायला लागलो तो अर्थातच मोठमोठ्या नावांसाठी. टिकलो मात्र या सीमेवरच्या माणसांमुळे.

सुमोचं वर्ष विषम महिन्यांवर चालतं. जानेवारी, मे आणि सप्टेंबरच्या स्पर्धा टोकियोत, र्‍योगोकु भागातल्या कोकुगिकानमध्ये. मार्चमध्ये ओसाका, जुलैमध्ये नागोया आणि नोव्हेंबरमध्ये थेट क्यूशू बेटावरचं फुकुओका. पंधरा दिवसांची स्पर्धा १९४९ पासूनची आणि वर्षाला सहा स्पर्धांचा फेरा १९५८ पासूनचा. मधल्या महिन्यांत विश्रांती असेल असं वाटतं, पण एप्रिल, ऑगस्ट, ऑक्टोबर, डिसेंबरमध्ये गावोगावचे दौरे असतात. म्हणजे दुखावलेला गुडघा बरा व्हायला जे आठवडे लागतात, ते या पंचांगात कुठे लिहिलेलेच नाहीत.

प्रत्येक स्पर्धेचा स्वभाव निराळा. ओसाकाची वसंतातली स्पर्धा वादळी म्हणून प्रसिद्ध, तिथे भले भले उताणे पडतात. जपानमध्ये शाळा मार्चमध्ये संपते, म्हणून नवी पोरं जास्त करून याच स्पर्धेला भरती होतात. १९९२ च्या मार्चमध्ये तब्बल १६० पोरं आली होती. आता त्याच्या पाव हिश्शाइतकी आली तरी पुष्कळ झालं. नागोयात जुलैचा उकाडा असतो आणि सगळं सभागृह हातपंखे हलवत बसलेलं दिसतं. फुकुओकाला थंडी सुरू होते, वर्ष संपत येतं आणि शरीरंही संपत आलेली असतात.

कुस्तीच्या रिंगणाला 'दोह्यो' म्हणतात. तो प्रत्येक स्पर्धेसाठी नव्यानं बांधतात आणि स्पर्धा संपली की मोडतात. हे काम 'योबिदाशी' करतात. पहिलवानांची नावं गाऊन पुकारणारे, झाडू मारणारे, ढोल वाजवणारेही तेच. माती धुमसानं ठोकून ठोकून दगडासारखी करायची. भाताच्या पेंढ्याच्या लांबट वळकट्यांत माती भरून त्या गोलाकार पुरायच्या. त्या वळकट्यांना आकार द्यायला ते बिअरच्या रिकाम्या बाटल्या वापरतात. शेकडो वर्षांच्या परंपरेत ही बाटली कधी शिरली कोण जाणे, पण आता तीही परंपराच झाली आहे. मधोमध खळगा करून त्यात तांदूळ, मीठ, चेस्टनट, समुद्री शेवाळ आणि वाळवलेला माकूल पुरतात. रिंगणाचा व्यास ४.५५ मीटर. दीडदीडशे किलोच्या दोन माणसांना एवढीशी जागा.

वर छताला दोऱ्यांनी टांगलेलं देवळाच्या धाटणीचं लाकडी छप्पर असतं. पूर्वी त्याला चार खांब होते. प्रेक्षकांना कुस्ती नीट दिसेना, म्हणून १९५२ मध्ये ते काढले आणि त्यांच्या जागी चार कोपऱ्यांना चार मोठे गोंडे लावले. हिरवा वसंताचा, लाल उन्हाळ्याचा, पांढरा शरदाचा, काळा हिवाळ्याचा. महिना कुठलाही असो, पहिलवान उभा असतो तो अख्ख्या वर्षाखाली.

या वर्षाचा जमाखर्च ज्या कागदावर मांडतात तो म्हणजे 'बान्झुके', क्रमवारीचा तक्ता. स्पर्धेच्या तेरा दिवस आधी तो निघतो. दिसतो छापील, पण मूळ प्रत हातानं लिहिलेली असते. पंच, म्हणजे 'ग्योजी', ब्रशनं, एका खास ठाशीव वळणाच्या अक्षरांत सहाशेच्या आसपास नावं लिहितात. अक्षरांत फटी ठेवायच्या नाहीत असा दंडक, कारण सभागृहही असंच खच्चून भरावं. सगळ्यात वर योकोझुना, त्याचं नाव ठसठशीत. खाली ओझेकी, सेकीवाके, कोमुसुबी, मग माएगाशिरा. ओळीगणिक अक्षर बारीक होत जातं आणि तळाच्या श्रेणीत केसाएवढं उरतं. तिथलं नाव वाचायला भिंगच लागतं.

या कागदावर एक रेघ आहे. ती छापलेली नसते, पण प्रत्येकाला ती कुठे आहे ते पाठ असतं. वरच्या श्रेणीत ४२ जण, दुसऱ्या श्रेणीत, म्हणजे जुर्‍योमध्ये २८. या सत्तर जणांना पगार मिळतो. जुर्‍योतल्या शेवटच्या माणसालाही महिन्याला ११ लाख येन. त्याच्या लगेच खाली, तिसऱ्या श्रेणीत पहिला असलेल्या माणसाला पगार शून्य. राहणं-खाणं तालमीत, वर स्पर्धेगणिक थोडा भत्ता, बस. रेघेच्या वरच्याचा सरावाचा लंगोट पांढरा, खालच्याचा काळा. वरच्याला स्वतःची खोली आणि दिमतीला पोरं, खालचे सगळे एका मोठ्या खोलीत. वरच्याची पाठ चोळायची, त्याचं सामान वाहायचं, भल्या मोठ्या पातेल्यात चांकोनाबे रटरटत ठेवायचं आणि वरचे जेवून उठले की उरलेल्यावर बसायचं, हे खालच्यांचं काम. काल ज्याची पाठ चोळली जात होती तो आज दुसऱ्याची चोळतो, असं घडतं ते एखाद-दुसऱ्या कुस्तीच्या फरकानं.

हे सगळं एका वर्षात पाहायचं असेल तर मी २०२४ निवडेन.

ते वर्ष उजाडलं तेच भूकंपानं. १ जानेवारीला इशिकावा प्रांतातला नोतो द्वीपकल्प हादरला, माणसं गेली, गावं कोसळली. त्याच प्रांतातल्या त्सुबाता गावचा ओनोसातो हा तरुण त्याच महिन्यात पहिल्यांदा वरच्या श्रेणीत उतरत होता. जानेवारीत करंडक मात्र तेरुनोफुजीनं नेला, त्या वेळच्या एकुलत्या एक योकोझुनानं. मार्चमध्ये ओसाकात तो अर्ध्यातूनच बाहेर पडला आणि स्पर्धा वाऱ्यावर सुटली.

त्या मोकळ्या मैदानात ताकेरुफुजी नावाचा २४ वर्षांचा गडी उभा राहिला. आओमोरी प्रांतातला, वरच्या श्रेणीत पहिलीच स्पर्धा. पहिल्या अकरा कुस्त्या त्यानं ओळीनं जिंकल्या. पदार्पणात अशी सुरुवात १९६० मध्ये ताइहोनं केली होती. चौदाव्या दिवशी त्याचा घोटा मुरगळला आणि तो रुग्णवाहिकेतून गेला. दुसऱ्या दिवशी जिंकला तर करंडक त्याचाच होता, पण पाय टेकवता येईल का हाच प्रश्न होता. पंधराव्या दिवशी तो पट्ट्या गुंडाळलेल्या पायानं रिंगणात चढला आणि त्यानं गोनोयामाला ढकलून पाडलं. वरच्या श्रेणीतल्या पहिल्याच स्पर्धेत विजेतेपद, ११० वर्षांत पहिल्यांदा. सभागृह डोक्यावर घेतलं लोकांनी.

आता याच माणसाचं उरलेलं वर्ष पाहा. मेमध्ये तो उतरूच शकला नाही. पंधरा दिवस गैरहजर म्हणजे खात्यावर पंधरा पराभव. ज्यानं नुकताच करंडक उचलला होता तो दुसऱ्या श्रेणीत घसरला. सप्टेंबरमध्ये त्यानं तिथलं विजेतेपद मिळवलं आणि नोव्हेंबरमध्ये तो वरच्या श्रेणीत परत आला, तळाला. एका वर्षात कळस, पायरी आणि पुन्हा गाभारा. रिंगणात झालेल्या दुखापतीला पूर्वी सवलत होती. १९७२ पासून एक नियम होता, की दुखावलेल्याची जागा पुढच्या स्पर्धेपुरती राखून ठेवायची. त्याचा गैरफायदा घेतला जातोय अशी ओरड झाली आणि २००३ नंतर ती सवलत बंद झाली. तेव्हापासून तक्त्यात दुखण्याचा रकाना नाही. एक तर तू जिंकलास, नाही तर हरलास.

मेमध्ये ओनोसातो जिंकला. व्यावसायिक सुमोतली त्याची ही सातवीच स्पर्धा होती, इतक्या लवकर कुणीच जिंकलं नव्हतं. वरच्या पहिलवानांच्या डोक्यावर गिंकोच्या पानासारखा पसरलेला जुडा असतो. तो बांधण्याइतके याचे केसही अजून वाढले नव्हते. सप्टेंबरमध्ये दुसऱ्यांदा जिंकून तो ओझेकी झाला, तेव्हाही केस मागेच होते. शरीर घडायला वर्षं लागतात, यश कधी कधी त्यापेक्षा घाईत असतं.

याच सप्टेंबरात ताकाकेइशो थांबला. चार करंडक जिंकलेला ओझेकी, वय २८. त्याची मान कामातून गेली होती. ओझेकीला लागोपाठ दोन स्पर्धांत आठ जिंकता आले नाहीत की पद जातं. त्याचं जुलैमध्ये गेलं. सप्टेंबरमध्ये तो एक पायरी खालून खेळायला आला, दोन कुस्त्या हरला आणि थांबला. योकोझुनाची गत तर याहून चमत्कारिक. त्याला आठ-सात लागू नाही. तो खाली येऊच शकत नाही, त्याला फक्त बाहेर जाता येतं. जुलैमध्ये आपला दहावा करंडक जिंकलेला तेरुनोफुजी सप्टेंबर आणि नोव्हेंबर दोन्हीला गैरहजर राहिला आणि पुढच्या जानेवारीत निवृत्त झाला. सगळ्यात उंच जागेवर परतीचा जिना काढून घेतलेला असतो.

तेरुनोफुजीला तो जिना आधी पुरता ठाऊक होता. २०१५ मध्ये तो ओझेकी झाला होता. मग दोन्ही गुडघे गेले, मधुमेह झाला, यकृत बिघडलं. २०१९ च्या मार्चमध्ये त्याचं नाव तळापासून दुसऱ्या श्रेणीत होतं, भिंगाच्या अगदी जवळ. पगार नाही, खोली नाही. सोडून जातो म्हणून त्यानं वस्तादाला पुन्हा पुन्हा विनवलं, वस्तादानं सोडलं नाही. तिथून तो एकेक स्पर्धा करत वर आला, २०२० च्या जुलैमध्ये वरच्या श्रेणीच्या तळातून करंडक जिंकला आणि वर्षानं योकोझुना झाला. ही गोष्ट पराक्रमाची म्हणून सांगतात. मला तिच्यात दिसतात त्या खालच्या श्रेणीतल्या सकाळच्या कुस्त्या, रिकाम्या खुर्च्यांसमोर, विशी न ओलांडलेल्या पोरांशी. खालच्या श्रेणींना एका स्पर्धेत सातच कुस्त्या मिळतात. तिथला आठ म्हणजे चार.

२०२४ चा शेवटचा करंडक कोतोझाकुराचा. आजोबा योकोझुना, वडील सेकीवाके आणि तेच त्याचे वस्ताद. मेपासून त्यानं आजोबांचं नाव धारण केलं होतं. नोव्हेंबरच्या शेवटच्या दिवशी तो आणि होशोर्‍यू दोघेही १३-१ वर होते. वर्षाची शेवटची कुस्ती या दोघांतच झाली आणि ती कोतोझाकुरानं जिंकली. वर्षभरात सर्वाधिक विजयही त्याचेच, ६६. हा आकडा मी फोडून पाहिला: १३, १०, ११, १०, ८ आणि १४. सप्टेंबरमध्ये वर्षातला हा सर्वात यशस्वी माणूस आठ-सातवर निभावून गेला होता. तो आठवा विजय नसता तर तो नोव्हेंबरमध्ये आपलं ओझेकीपद वाचवण्यासाठी लढला असता. करंडकाच्या पायाशी एक कसाबसा मिळवलेला आठ गाडलेला होता.

एक कुस्ती जवळून कशी दिसते? प्रत्यक्ष झटापट बहुधा दहा सेकंदांच्या आत संपते. त्याआधी वरच्या श्रेणीत चार मिनिटं तयारी चालते. दोघं मीठ फेकतात, पाय उचलून जमिनीवर आपटतात, बसकण मारून एकमेकांच्या डोळ्यांत पाहतात आणि उठून पुन्हा मिठाकडे जातात. पुन्हा तेच. नव्या प्रेक्षकाला कंटाळा येतो. हळूहळू कळतं, की कुस्ती सुरू झालेलीच आहे. श्वास जुळत नाही तोवर हात टेकत नाहीत. कुणी मानेवर थापट्या मारून घेतो, कुणी काखेतला घाम पुसतो, कुणाच्या हातातून मीठ नेहमीपेक्षा कमी पडतं. वेळ संपली की दोघांचे हात जमिनीला टेकतात आणि डोकी आपटल्याचा आवाज वरच्या मजल्यापर्यंत जातो.

रिंगणाबाहेर बारीक रेतीचा एक पट्टा झाडून सपाट केलेला असतो. सीमेवर दोघं एकदमच कोसळले तर काळ्या किमोनोतले परीक्षक वर चढून घोळका करतात आणि त्या रेतीकडे बोट दाखवतात. टाचेचा एक अर्धगोल उमटलेला असतो, नखाएवढा. सव्वाशे-दीडशे किलोचा माणूस हरला की जिंकला, ते त्या नखाएवढ्या खुणेवर ठरतं. मग योबिदाशी येतो आणि लांब झाडूनं ती खूण पुसून टाकतो, पुढच्या जोडीसाठी.

आमच्याकडच्या जत्रेतल्या कुस्तीशी ताडून पाहिलं की सुमोची क्रूरता नीट दिसते, आणि तिची दयाही. जत्रेच्या मैदानात रेवड्यांच्या कुस्तीपासून शेवटच्या इनामाच्या कुस्तीपर्यंत एका दुपारचा मामला. हलगी वाजते, शड्डू ठोकले जातात, कुस्ती निकाली झाली तर एकाची मिरवणूक, दुसरा कपडे झटकून एसटी धरतो. पुढच्या गावच्या जत्रेत तो नव्यानं उभा राहतो, मागचा पराभव त्याच्याबरोबर प्रवास करत नाही. सुमोत प्रत्येक पराभव लिहून ठेवतात. पण त्याचबरोबर सात पराभव माफही करतात. पंधरापैकी सात वेळा तू पडलास तरी तू पुढे जाशील, असं लेखी आश्वासन दुसऱ्या कुठल्या खेळानं दिलंय? बाद फेरीत एका चुकीला क्षमा नसते, इथे सात चुकांपर्यंत आहे. आठव्या चुकीला मात्र नाही.

दया आणि कडा जिथे इतके जवळ असतात तिथे माणसं एकमेकांचा हात धरतात, हे ओघानं आलं. २००२ मध्ये मार्क डगन आणि स्टीव्हन लेव्हिट या अर्थशास्त्रज्ञांनी १९८९ ते २००० या काळातल्या कुस्त्यांचे निकाल तपासले. शेवटच्या दिवशी ७-७ वर असलेला आणि ८-६ वर असलेला समोरासमोर आले तर पहिल्यानं निम्म्या वेळा जिंकावं, असं दोघांच्या आधीच्या कामगिरीवरून निघत होतं. प्रत्यक्षात तो जवळजवळ ८० टक्के वेळा जिंकत होता. पुढच्या भेटीत मात्र हाच माणूस अपेक्षेपेक्षा जास्त वेळा हरत होता. उधार चुकतं होत असावं. सुमोचं मंडळ आरोप झटकत राहिलं. २०१० मध्ये बेसबॉलवरच्या जुगाराच्या चौकशीत पोलिसांनी पहिलवानांचे मोबाइल घेतले आणि त्यांत मागचापुढचा सगळा सौदा लिहिलेला सापडला. कुणी कसं पडायचं, किती येनला पडायचं, सगळं. २०११ ची ओसाकाची स्पर्धा रद्द झाली, वीसहून अधिक जण बाहेर काढले गेले. त्यातले बरेच जण त्या न छापलेल्या रेघेच्या आसपासचे, जुर्‍योतले होते.

या प्रकरणाचा मी खूप विचार केलेला आहे. पैसे घेऊन पडणं ही फसवणूक, यात वाद नाही. तिकीट काढून बसलेल्याच्या खिशातून काढलेला तो पैसा. पण पैसे मधून काढून टाकले तर? तुझे आठ झालेत, माझे सात. तुला ही कुस्ती नकोच आहे, मला ती माझ्या पगाराइतकी हवी आहे. तुझा हात किंचित सैल पडला. याला जपानी लोक 'निंजो-झुमो' म्हणतात, माणुसकीची कुस्ती. तिचा पुरावा कुठल्याच मोबाइलमध्ये सापडत नाही, कारण ती बोलून ठरत नाही. ती चूक आहे, हे मला पटतं. तरी ज्या व्यवस्थेनं आठव्या आणि सातव्या विजयात एवढी दरी खणली, तिला सैल पडलेल्या हाताचं आश्चर्य वाटू नये. अलीकडे शेवटच्या दिवशी ७-७ वाल्यांना बरेचदा एकमेकांशीच भिडवतात. त्यामुळे प्रश्न सुटतो, आणि दोघांपैकी एकाचा घात हमखास होतो.

या खेळावर भाबडं प्रेम करणं अवघड आहे. दोह्योवर स्त्रीचं पाऊल पडता कामा नये, ही रूढी अजून आहे. २०१८ मध्ये माइझुरु शहरात दौऱ्याच्या कार्यक्रमात महापौर भाषण करताना दोह्योवरच कोसळले, बायका धावत चढून प्रथमोपचार करू लागल्या आणि पंचानं ध्वनिक्षेपकावरून त्यांना खाली उतरायला सांगितलं. मंडळाच्या अध्यक्षांना नंतर माफी मागावी लागली. तालमींतल्या मारहाणीच्या बातम्या येत राहतात. २०२४ मध्येच हाकुहोची, ४५ करंडकांच्या विक्रमवीराची, तालीम शिष्यानं केलेल्या मारहाणीवरून बंद झाली. हे सगळं झाकून जुडा, मीठ आणि गोंडे यांचंच कौतुक करत बसलो तर तो पर्यटकाचा सुमो होईल.

आणि तरीही कोकुगिकानमधली एक गोष्ट मला दिलासा देते. तिथे छताजवळ विजेत्यांची प्रचंड छायाचित्रं टांगलेली असतात, तीन मीटरहून उंच. एकूण ३२. नवं चढलं की सर्वात जुनं उतरतं. वर्षाला सहा स्पर्धा, म्हणजे मोठ्यातला मोठा विजेताही तिथे पाच वर्षांहून थोडाच अधिक काळ टिकतो. इतिहासात त्याचं नाव राहतं, पण भिंत पुढच्यासाठी रिकामी करावी लागते. तक्ता खालच्यांना जसा हलवत राहतो तसा वरच्यांनाही. या बाबतीत सुमो पंक्तिप्रपंच करत नाही.

मग ज्यांचं छायाचित्र कधी लागणारच नव्हतं त्यांचं काय? हात्तोरीझाकुरा नावाचा एक किरकोळ मुलगा २०१५ ते २०२१ तळाच्या श्रेणीत खेळला. त्याचे विजय तीन, पराभव दोनशेच्या वर. लोक आधी हसले, मग त्याच्या सकाळच्या कुस्तीला लवकर येऊन टाळ्या वाजवू लागले. दुसरा हानाकाझे. १९८६ मध्ये पोरसवदा वयात आला, २०२२ च्या जानेवारीत ५१ व्या वर्षी थांबला. छत्तीस वर्षांत तो चौथ्या श्रेणीच्या वर कधी गेला नाही. पगार एकदाही नाही. त्याच्या डोळ्यांदेखत पोरं आली, योकोझुना झाली, निवृत्त होऊन वस्ताद झाली, आणि तो सातपैकी चार जिंकायचे म्हणून पहाटे सरावाला उभा राहत राहिला. चार जिंकले तर काही पायऱ्या वर, चार हरले तर तितक्याच खाली. जिथे कुठे पोचायचं आहे असं मानून आपण वर्षं मोजतो, ते त्याच्या हिशेबात नव्हतंच.

एवढं करून त्याला मिळालं काय, असं कुणी विचारलं तर सुमोच्या तक्त्यात त्याचं उत्तर नाही. तक्ता दर दोन महिन्यांनी एवढंच विचारतो, की पुढच्या स्पर्धेला नाव घालायचं का. हानाकाझेनं दोनशेहून अधिक वेळा हो म्हटलं.